कामगाराचे आजारपण कोणत्या खात्यात?

आपल्या वहीत प्रत्येक खर्चाला एक खाते असते. हमाली, दलाली, गाडीभाडे, वीजबिल, घट-तूट, इतकेच काय, चहापाण्याच्या खर्चालाही जागा असते. पण दुकानातला नोकर, शिलाईवर बसणारा कारीगर किंवा जिनिंगमधला मजूर आजारी पडला तर तो खर्च कोणत्या खात्यात टाकायचा? वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठल्याही बाजारात विचारा. बहुतेक ठिकाणी एकच शब्द ऐकू येईल : उचल.

उचल म्हणजे काय, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. मजुराची बायको दवाखान्यात असते, तो रात्री मालकाच्या दारी येतो आणि मालक पाच-दहा हजार रुपये काढून देतो. मालकाच्या मनात दयाच असते, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी ती रक्कम मजुराच्या नावे पडते आणि मजुरीतून कापली जाऊ लागते. म्हणजे आजार त्याचा, खर्च त्याचा आणि कर्जही त्याचेच. मालकाने फक्त रोकड पुरविली. उचल फिटेपर्यंत कारीगर दुसरीकडे जाऊ शकत नाही. तो न सांगता निघून गेला तर मालकाची रक्कम बुडते आणि कसबी हातही जातो. हा व्यवहार दोघांच्याही तोट्याचा आहे. मालकाकडून मिळणाऱ्या आरोग्य विम्याची जागा आपल्याकडे या उचलीने कशी घेतली आणि त्यावर आपल्याला काय करता येईल, ते या लेखात मांडत आहोत.

विमा आला कसा

कामगाराच्या आजारपणाचा भार त्याच्या एकट्यावर न टाकता मालक आणि कामगार दोघांनी थोडी थोडी रक्कम भरावी, ही कल्पना प्रथम १८८३ मध्ये जर्मनीत कायद्याने अमलात आली. आपल्याकडे त्याचा पाया दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घातला गेला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले आणि त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्याच्या आधारे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबईच्या गिरणी कामगारांपर्यंत पोहोचली.

आपल्या विदर्भात त्याही आधीचा एक दाखला आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात नुकसानभरपाईची सोय झाली. त्या वेळी असा कोणताही कायदा नव्हता. शिकलेला कामगार टिकवायचा तर त्याच्या दुखण्याखुपण्याची तजवीज करावी लागते, हा त्यामागचा सरळ व्यापारी विचार होता.

विमा कार्डाने कामगाराला काय मिळते, हे आकड्यांत पाहू. १ जुलै २०१९ पासून मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे असतात. पगार १२,००० रुपये असेल तर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये, मिळून महिन्याला ४८० रुपये होतात. एवढ्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला तपासणी, औषध, शस्त्रक्रिया सर्व मिळते. शिवाय आजारी रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. म्हणजे रोज ४०० रुपये कमावणाऱ्याला अंथरुणावर असतानाही २८० रुपये रोज, पूर्ण ९१ दिवस धरले तर २५,४८० रुपये. मालकाने वर्षभर भरलेली रक्कम मात्र ४,६८० रुपये. कामावर अपघात होऊन काही काळ काम करता आले नाही तर मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. विमा दवाखान्यातील गर्दी आणि औषधांचा तुटवडा यांच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. तरीही घरात चूल पेटत ठेवणारी अशी दुसरी योजना गरिबाजवळ नाही.

गिरणी गेली, कार्डही गेले

या व्यवस्थेत एक उणीव पहिल्यापासून होती. कार्ड माणसाच्या नावाचे असले तरी ते त्याच्या नोकरीला बांधलेले होते. नोकरी असेपर्यंत विमा, नोकरी सुटली की काही महिन्यांत विमाही संपला. गिरण्या धडधडत होत्या तोवर ही उणीव कोणाला जाणवली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतील अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेले दिसलेच नाही. आपल्या बाजूला अकोल्याची सावतराम मिल, मोहता मिल, बडनेरा, हिंगणघाट आणि नागपूरच्या गिरण्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या. पुढे एकेक करून बंद पडल्या. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये तिला टाळे लागले. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला; त्यापूर्वी अकोल्याच्या गिरण्या म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या गिरण्या होत्या.

गिरणीतून निघालेला माणूस मग कुठे गेला? कोणी हमाली धरली, कोणी फेरीवर कापड विकू लागला, कोणी भिवंडी किंवा नाशिक जिल्ह्यातील मालेगावला यंत्रमागावर गेला. कापडाच्या धंद्यामुळे आमचा त्या दोन्ही बाजारांशी नेहमीचा संबंध आहे. एका शेडमध्ये चार-सहा माग, मालक वेगळा, सूत देणारा व्यापारी वेगळा, ठेकेदार वेगळा आणि मजुरी मीटरवर. अशा ठिकाणी मजुराचा मालक नेमका कोण, हेच ठरत नाही. मग त्याचा विमा कोण भरणार? विणकाम तेच राहिले, कापडही तेच राहिले, फक्त कार्ड नाहीसे झाले.

हा प्रकार आपल्याच देशात घडला असे नाही. अमेरिकेत १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने पगारवाढीवर बंधन घातले, तेव्हा माणसे टिकविण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला आणि तीच तिथली रीत झाली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तिथे लाखोंच्या नोकऱ्या गेल्या आणि साथ चालू असतानाच अनेकांचा विमाही गेला. श्रीमंत देश असो वा गरीब, नोकरीला बांधलेली छत्री ऐन पावसात मिटते.

आपल्या जिल्ह्यात छत्री उघडलीच नाही

वाशिम जिल्ह्याची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखान्यांना विम्यातून वगळले. हंगामी म्हणजे कोणते, त्याची यादी कायद्यातच दिली आहे आणि त्या यादीत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचे आहे. त्यानंतर प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, गूळ-साखर वगैरे. म्हणजे कारंजा, मंगरूळपीर, मानोरा या कापसाच्या पट्ट्यात जो मुख्य कारखाना, तोच कायद्याच्या बाहेर. मालकाने चुकवेगिरी केली म्हणून नव्हे. कायद्यानेच दार बंद ठेवले.

जिनिंगमध्ये हंगामात दिवस-रात्र रुईची धूळ उडते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो, खोकला जडतो. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा हा रोग विमा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. परंतु ज्या कारखान्यात तो होऊ शकतो, त्या जिनिंगलाच कायदा लागू नाही. त्यातही मजुराचा दम वाढतो तो पावसाळ्यात, जेव्हा जिनिंग बंद असते. तेव्हा त्याला ना मालक, ना मजुरी, ना मस्टरवर नाव. तो आजार कामामुळे झाला, हे कोणत्याच कागदावर येत नाही.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. पूर्वी विमा अधिसूचित क्षेत्रांपुरताच लागू होई; आता दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना तो देशभर लागू करण्याचे धोरण आहे. मात्र हंगामी कारखान्यांची सूट संहितेतही तशीच ठेवली आहे. ही सूट केवळ जिनिंग-प्रेसिंग किंवा यादीतील तसेच काम करणाऱ्या कारखान्यालाच मिळते. सोबत तेलघाणी किंवा दुसरा बारमाही उद्योग असेल त्यांनी आपण सुटीत आहोत असे गृहीत न धरता कर सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी.

नऊ नावांचे मस्टर

जिथे कायदा लागू होऊ शकतो, तिथेही विमा आटतो आहे. कारणे तीन आहेत.

पहिले कारण, ठेकेदारी. काम तेच, जागा तीच, पण माणसे ठेकेदाराच्या नावावर. ठेकेदाराने विमा भरला नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे कायदा सांगतो. पण मजुराला ते ठाऊक नसते.

दुसरे कारण, दहाची मर्यादा. मस्टरवर नऊ नावे आणि प्रत्यक्षात चौदा माणसे, किंवा एकच दुकान भावाच्या आणि मुलाच्या नावाने दोन करून दाखविलेले, हे प्रकार बाजारात चालतात. ते कोण करतो हे सांगण्याची गरज नाही. ज्याचे त्याला माहीत आहे. वाचलेले पैसे दिसतात, पण कामावर एखाद्याचा हात गेला आणि त्याचे नावच मस्टरवर नसले तर नुकसानभरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. ही जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आली आहे आणि नव्या संहितेतही आहे.

तिसरे कारण, पगाराची मर्यादा. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली. त्यावर पगार असलेला कारीगर विम्याबाहेर राहतो. मोठ्या कंपन्या अशांसाठी गट विमा घेतात. पण हप्ते वाढले की तिथेही काटछाट होते : आई-वडिलांची नावे वगळली जातात, खोलीच्या भाड्याला मर्यादा येते, बिलाचा काही हिस्सा कामगारावर पडतो. कागदावर विमा कायम, आतून मात्र पोकळ.

सरकारी योजनेने काय भागते, काय नाही

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर आली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. दोन्ही आता एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड केशरी आहे की पांढरे, हा प्रश्न आता राहिला नाही. ही मोठी सोय आहे आणि आपल्या मोहल्ल्यांतून तिचा पुरेसा फायदा घेतला जात नाही.

पण तिची मर्यादाही समजून घ्यावी. योजना नेमून दिलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच आहे. हृदयाची शस्त्रक्रिया होईल. पण मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, तापाची तपासणी, डॉक्टरची फी यांचा भार घरावरच राहतो. मोठ्या इलाजासाठी अकोला किंवा नागपूरला जायचे तर सोबत्याची मजुरी बुडते, जेवण-राहणे वेगळे. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याने हा फेरा हळूहळू कमी व्हावा. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बुडालेली मजुरी ही योजना देत नाही. शस्त्रक्रिया फुकट झाली, पण दोन महिने घरी बसावे लागले, तर तो पुन्हा मालकाच्या दारी येतो आणि वहीत पुन्हा तोच शब्द लिहिला जातो. हातमाग विणकरांसाठी २००५-०६ पासून केंद्राची एक आरोग्य विमा योजना होती. रक्कम लहान, पण बाहेरच्या बाहेर घेतलेल्या औषधोपचाराचाही तिच्यात समावेश होता. ती आता नाही. नव्या योजनांनी रक्कम वाढविली, पण रोजच्या औषधाला वगळले.

आपण काय करू शकतो

एक : प्रत्येक मालकाने आपल्या माणसांची रेशन कार्डे आणि आधार कार्डे पाहून घ्यावीत. नाव चुकलेले, आधार न जुळलेले, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव न चढलेले, अशा चुका ऐन दवाखान्यात उघड होतात. निरोगी असतानाच त्या दुरुस्त कराव्यात आणि आयुष्मान कार्ड काढून ठेवावे. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळे कार्ड आहे. रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राला भेटावे.

दोन : दहा किंवा अधिक माणसे असतील तर विम्याची नोंदणी करावी. दहापेक्षा कमी असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असल्यास स्वेच्छेने सामील होण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. मात्र जवळ विम्याचा दवाखाना किंवा जोडलेले रुग्णालय कोणते, हे आधी विचारावे. पैसे भरून उपचारासाठी शंभर कोस जावे लागले तर कामगाराला त्याचा काय उपयोग?

तीन : पॉलिसी घेणाऱ्यांनी ती वाचून घ्यावी. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना तिची इंग्रजी जड जाते, म्हणून घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला बसवून समजून घ्यावी. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आली आहे. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. कामगारांच्या आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने न देता चेकने किंवा ऑनलाइन भरला तर तो धंद्याचा खर्च म्हणून धरला जातो. नोकरी सोडणाऱ्या कारीगराने गट विमा बंद होण्यापूर्वी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याविषयी विचारावे.

चार : मजुरी बुडण्याचा प्रश्न सुटावा म्हणून एका गल्लीतील किंवा एका धंद्यातील दहा-वीस दुकानदारांनी मिळून आजारपणाचा मदत निधी ठेवावा. माणसामागे महिन्याला शंभर रुपये काढले तर चाळीस माणसांचे वर्षाला ४८,००० रुपये होतात. आजारी कारीगराला रोज २०० रुपये द्यायचे ठरविले तर एवढ्यात २४० दिवसांची सोय होते. हिशोब दरमहा सर्वांसमोर मांडावा आणि निधी नोंदणीकृत संस्थेमार्फत चालवावा. त्याला विमा म्हणू नये आणि कोणाला परताव्याचे वचन देऊ नये; कारण विम्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही.

विमा आणि शरीयत

विमा जायज आहे का, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात असतो आणि तो टाळून चालणार नाही. व्यापारी विम्यात सूद आणि अनिश्चितता येते म्हणून अनेक उलमा त्यावर आक्षेप घेतात. कायद्याने सक्तीचा विमा आणि सरकारने स्वतःच्या खर्चाने दिलेला उपचार यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. या बाबतीत फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. पण विम्याविषयी शंका आहे म्हणून काहीच न करणे, हे त्या शंकेचे उत्तर होत नाही. विमा नको असेल त्याने मदत निधीत दुप्पट घालावे. आपसांत मदत करण्याविषयी तर कोणाचाच मतभेद नाही.

आणखी एक गोष्ट. रमजानात आपण जकातीचा हिशोब करतो, तेव्हा आजारी नोकराला दिलेली रक्कम तिच्यात धरावी असे काहींना वाटते. नोकर हकदार असेल तर त्याला जकात देता येते. पण ती त्याच्या मजुरीच्या किंवा आपल्या देण्याच्या बदल्यात धरता येत नाही. घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद आपल्या सर्वांना पाठ आहे. ज्याच्या घामावर आपले दुकान चालते, त्याचे शरीर थकले तर ते कोणी सांभाळायचे, हा प्रश्न त्या ताकिदीपासून फार दूरचा नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच की नव्या वर्षाची वही उघडताना तिच्यात एक पान वाढवावे आणि त्यावर ‘कामगार आजारपण’ असे खाते घालावे. रक्कम लहान असली तरी चालेल. ती दुकानाच्या नावे पडली पाहिजे, कामगाराच्या नावे नव्हे.